गळक्या झडपेचे हृदय

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात राहणाऱ्या एक वृद्ध मराठी बाई आपला अकरा वर्षांचा पॉमेरेनियन कुत्रा घेऊन माझ्याकडे आल्या. बाई निवृत्त शिक्षिका. मुले परदेशी, यजमान वारलेले. घरात बोलायला म्हणून जे काही होते ते हे पांढरेशुभ्र, केसाळ, पाच किलो वजनाचे जनावर. त्याच्या छातीला नळी लावताच नेहमीच्या दोन ठोक्यांऐवजी पाण्याचा नळ किंचित उघडा राहावा तसा ‘श्श्श’ असा आवाज कानी आला. हृदयाची झडप गळत होती. मी ध्वनिलहरींचे यंत्र लावून पाहिले. पडद्यावर हृदय अगदी ऐटीत उघडमीट करीत होते. आकडा काढला, तो निरोगी कुत्र्याच्या आकड्याहूनही सरस निघाला. बाईंनी विचारले, “डॉक्टर, याचं हृदय नीट काम करतंय ना, तेवढंच सांगा.” मी म्हणालो, “झडप थोडी गळते आहे खरी, पण हृदय चांगलं जोरात चाललं आहे. काळजी करू नका.”

साडेतीन महिन्यांनी एका पहाटे बाई रिक्षातून आल्या. कुत्रा मान लांब करून, कोपरे फाकवून श्वासासाठी झगडत होता. त्याची फुप्फुसे पाण्याने भरली होती. प्राणवायू आणि मूत्रल औषध देऊन त्या दिवशी तो वाचला, पुढे आठ महिने जगला. पण त्या पहाटे बाईंनी मला जो प्रश्न केला तो मी विसरू शकलेलो नाही. त्या रागाने बोलल्या नाहीत. वर्गात चुकलेल्या मुलाला विचारावे तशा शांतपणे त्या म्हणाल्या, “तुम्ही तर म्हणाला होतात, जोरात चाललंय म्हणून.”

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. माणसांच्या हृदयाची वास्तपुस्त करायला जिथे वेळ नाही, तिथे कुत्र्याच्या हृदयाची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाने दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री बसविली आणि धर्मराजाला कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकू दिले नाही, त्या समाजाला या प्रश्नाचे वावडे असू नये. शिवाय बाईंचा प्रश्न केवळ कुत्र्यापुरता नाही. एखादे यंत्र जोरात चालते आहे आणि ते चांगले चालते आहे, या दोन गोष्टी एकच आहेत काय, असा तो प्रश्न आहे.

प्रथम हृदयाची रचना थोडक्यात पाहू. कुत्र्याचे हृदय आपल्याप्रमाणेच चार कप्प्यांचे असते. फुप्फुसांतून शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत येते. तेथून ते खालच्या जाड भिंतीच्या कप्प्यात, डाव्या जवनिकेत उतरते, आणि जवनिका आकुंचन पावली की महारोहिणीतून सर्व शरीरात जाते. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये दोन पाकळ्यांचा एक दरवाजा असतो. हीच द्विदल झडप. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दुभागलेल्या उंच टोपीसारखी ती दिसते, म्हणून पाश्चात्य शरीरशास्त्रज्ञांनी तिला ‘मिट्रल’ हे नाव दिले. तिच्या पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्यांसारखे तंतू बांधलेले असतात. रक्त खाली उतरावे, पण परत वर चढू नये, एवढेच या झडपेचे काम. पण ते तिला दिवसातून लाखभर वेळा करावे लागते.

उतारवयात काही कुत्र्यांच्या या पाकळ्या जाड, गाठाळ आणि वेड्यावाकड्या होतात. आतल्या चिवट धाग्यांची वीण उसवते, पाकळीचा काठ नीट जुळत नाही आणि मधल्या फटीतून रक्त उलटे कर्णिकेत उसळते. कुत्र्यांना जन्मानंतर जडणाऱ्या हृदयरोगांत हा रोग सर्वांत अधिक आढळतो. तो लहान चणीच्या जातींचा विशेष शत्रू आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात तर त्यासाठी कुप्रसिद्धच. पण डॅशुंड, छोटा पूडल, चिवावा, पॉमेरेनियन यांनाही तो गाठतो. उलट डॉबरमन, ग्रेट डेन अशा दांडग्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचा रोग अधिक. या कर्नाटकातच मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी उंच, सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. परंतु आजच्या बंगळुरात, दोन खोल्यांच्या सदनिकेत, मुधोळचा शिकारी सामावत नाही. तिथे पाच-सात किलोंचे कुत्रेच मांडीवर मावते. हवा थंड, घरे लहान आणि माणसे एकटी. त्यामुळे लहान कुत्री वाढली, औषधोपचारामुळे ती म्हातारी होऊ लागली आणि म्हातारपणाचा हा रोग आमच्या तपासणीच्या मेजावर रोजचा झाला.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. हृदय चांगले चालते आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

सर्वांत जुने साधन म्हणजे कान. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून ही नळी आमच्या गळ्यात आहे. गळतीच्या आवाजाच्या आम्ही सहा पायऱ्या मानतो. पहिल्या पायरीचा आवाज शांत खोलीत, कान टवकारून ऐकावा लागतो. पाचव्या-सहाव्या पायरीचा आवाज हाताला थरथरीसारखा जाणवतो. लहान कुत्र्यांत आवाज अगदी मंद असेल तर रोग सौम्य असण्याचा संभव अधिक, एवढे सामान्यपणे म्हणता येते. पण आवाज मोठा म्हणून हृदय आता लगेच हार खाणार, असे मात्र नाही. मोठ्या आवाजाची कित्येक कुत्री वर्षानुवर्षे आनंदाने बागडतात. आवाज दाराची फट सांगतो. घराची अवस्था सांगत नाही.

कान आणखी एक गोष्ट सांगतो, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. निरोगी कुत्र्याची नाडी एकसारखी नसते. श्वास आत घेताना ती जलद होते, सोडताना मंदावते. नवख्या मालकाला वाटते की ठोके चुकताहेत. प्रत्यक्षात हा अनियमितपणाच स्वस्थतेचे लक्षण आहे. हृदय संकटात सापडले की ही डौलदार लय नाहीशी होते आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे व भरभर पडू लागतात.

दुसरे साधन विद्युल्लेखाचे. याच्या इतिहासातच एक कुत्रा आहे. लंडनच्या ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८८७ साली माणसाच्या हृदयातील वीज शरीराच्या बाहेरून टिपली. पुढे आपला जिमी नावाचा बुलडॉग तो प्रयोगासाठी नेत असे. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवले की त्याच्या हृदयाचे स्पंदन उपकरणावर उमटे. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला आणि लगेच पार्लमेंटमध्ये प्रश्न उपस्थित झाला की हा प्राण्यांचा छळ नव्हे काय. कुत्रा केवळ मिठाच्या पाण्यात उभा होता, यात क्रूरता काही नाही, असा खुलासा गृहमंत्री ग्लॅडस्टन यांना करावा लागला. हा लेख ठोक्यांची गडबड उत्तम दाखवतो. पण झडप किती गळते आणि स्नायूत किती दम उरला आहे, हे तो सांगू शकत नाही.

तिसरे साधन ध्वनिलहरींचे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीत सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र उभे करायचे. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधण्याचे यंत्र प्रथम हृदयावर रोखले. एडलर हे हृदयवैद्य द्विदल झडपेच्याच रोगाचे नीट निदान व्हावे म्हणून या वाटेला लागले होते. म्हणजे या तंत्राचा जन्मच या झडपेपायी झाला. मी बाईंच्या कुत्र्याला लावले ते याच यंत्राचे वंशज, आणि माझी फसगत झाली तीही त्याच्याच पडद्यावर.

ती कशी झाली, हे विहिरीवरच्या पंपाच्या दाखल्याने सांगतो. समजा, आपल्या विहिरीवर एक पंप बसविला आहे. त्याने उंचावरच्या हौदात पाणी चढवायचे आहे. पाणी चढविताना मोटारीवर ताण येतो. आता पंपाजवळच नळाला मोठी चीर पडली. निम्मे पाणी त्या चिरेतून परत विहिरीत पडू लागले. काय होईल? वर चढवायचे पाणी कमी झाल्यामुळे मोटारीवरचा भार हलका होईल. ती अधिक मोकळेपणी, अधिक ऐटीत फिरेल. केवळ मोटारीचा आवाज ऐकणारा शेतकरी म्हणेल, “वा! काय झकास चालली आहे!” पण वरचा हौद मात्र कोरडा पडत जाईल.

गळक्या झडपेच्या हृदयाचे नेमके असेच होते. जवनिकेला महारोहिणीतला मोठा दाब सोसून रक्त पुढे ढकलायचे असते. पण झडप फाटकी असल्याने वरच्या कर्णिकेची कमी दाबाची वाट तिला मोकळी सापडते. रक्ताचा मोठा वाटा तिकडे सहज निसटतो. जवनिका भराभर रिकामी होते आणि आमचा आकडा फुगतो.

आकड्यांतच सांगतो. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. पाच किलोंच्या एका निरोगी कुत्र्याच्या जवनिकेत १२ मिलिलिटर रक्त मावते आणि एका ठोक्याला त्यातले ८ बाहेर पडते असे समजू. प्रमाण झाले ६७ टक्के, आणि आठही मिलिलिटर शरीराला मिळाले. आता गळक्या हृदयाचा कुत्रा घ्या. त्याची जवनिका ताणून मोठी झाली आहे. तीत २० मिलिलिटर रक्त मावते, आणि ठोक्याला १५ बाहेर पडते. प्रमाण झाले ७५ टक्के! परंतु त्या पंधरापैकी ९ उलटे कर्णिकेत गेले. शरीराच्या वाट्याला आले फक्त ६. टक्केवारी वाढली आणि शिधा घटला. मी बाईंना टक्केवारी सांगितली होती. शिध्याचा हिशेब केलाच नव्हता.

यातून आणखी एक उलटे सत्य निघते. अशा रोगात वर्षानुवर्षे फुगलेला हा आकडा पुढे हळूहळू खाली येऊन ‘सर्वसाधारण’ झाला, तर तो आनंदाचा प्रसंग नव्हे. मोटारीवर भार नसतानाही ती पूर्वीसारखी फिरत नाही, याचा अर्थ तिची गुंडाळीच जळू लागली आहे. स्नायू थकत चालला आहे. म्हणून जाणता वैद्य या रोगात ठोक्यानंतर जवनिकेत किती रक्त शिल्लक राहते, याकडे बारकाईने पाहतो. ही शिल्लक वाढत चालली की तो सावध होतो.

मग भरवसा ठेवायचा कशावर? गळतीचे परिणाम जिथे साठतात, तिथे पाहावयाचे. उलट आलेल्या रक्ताने कर्णिका फुगते, आणि तेच जादा रक्त पुन्हा खाली उतरून जवनिकेलाही ताणते. तेव्हा या दोन कप्प्यांचा आकार हाच गळतीचा खरा हिशेब. परंतु इथे एक अडचण उभी राहते. माणसे उंचीने थोडीफार कमी-जास्त असतात. कुत्र्यांचे तसे नाही. दोन किलोंचा चिवावा आणि साठ किलोंचा ग्रेट डेन ही एकाच जातकुळीची जनावरे. मग कोणत्या मापाला मोठे म्हणावे?

आपल्याकडे म्हण आहे, देह साडेतीन हातांचा. कोणाच्या हाताने? ज्याच्या त्याच्या. पशुवैद्यांनीही हाच मार्ग धरला. कर्णिका मोजायची ती शेजारच्याच महारोहिणीच्या रुंदीने. कर्णिकेची रुंदी महारोहिणीच्या १.६ पट किंवा अधिक भरली, तर ती फुगली असे समजावे. जवनिकेची रुंदी सेंटिमीटरमध्ये घेऊन कुत्र्याच्या वजनाशी गणिताने ताडून पाहावयाची. त्या गणिताने पाच किलोंच्या कुत्र्याला धोक्याची रेषा सुमारे २.७ सेंटिमीटरवर येते, तर तीस किलोंच्या कुत्र्याला सुमारे ४.६ वर. आणि ज्याच्यापाशी ध्वनिलहरींचे यंत्र नाही त्या खेड्यातल्या वैद्यासाठीही एक सुंदर युक्ती आहे. १९९५ साली बुकॅनन आणि ब्यूशलर या दोघांनी क्ष-किरण चित्रावर हृदयाची लांबी आणि रुंदी घेऊन ती त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांवर मोजली. दोन्ही मिळून किती मणके भरतात ते पाहायचे. निरोगी कुत्र्याचे हृदय सरासरीने ९.७ मणक्यांचे भरते. काही जातींत ते मुळातच थोडे अधिक असते; तरी साडेदहाच्या पुढे गेले की लक्ष द्यावे. मोजपट्टी बाहेरून आणावी लागत नाही. ती त्याच्याच पाठीत आहे.

ही मापे घेऊन करायचे काय, असे आपण विचाराल. २०१६ पर्यंत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. हृदय मोठे झालेले आहे पण कुत्रा अजून हिंडतो-फिरतो आहे, अशा अवस्थेत औषध द्यावे की नाही, याविषयी वैद्यांत एकमत नव्हते. त्या वर्षी अनेक देशांत मिळून ३६० कुत्र्यांवर केलेल्या एका अभ्यासाचे फलित प्रसिद्ध झाले. गळती आहे, हृदय मोठे झाले आहे, पण लक्षणे नाहीत अशा कुत्र्यांना पिमोबेंडान हे औषध दिले, तर हृदय हार खाण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे जाते, असे त्यात दिसून आले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. यानंतर २०१९ साली तज्ज्ञांनी उपचाराचे जे दंडक सुधारून मांडले, त्यांत रोगाच्या पायऱ्या स्पष्ट केल्या आहेत. ज्यांना हा रोग होण्याचा संभव आहे, पण आवाज नाही, ती पहिली पायरी. आवाज आहे, पण हृदय मोठे नाही, ती दुसरी; हिला औषध नको, फक्त नजर हवी. हृदय मोठे झाले, ती तिसरी; येथे औषध सुरू करायचे. फुप्फुसांत पाणी झाले ती चौथी, आणि नेहमीच्या उपचारांना दाद न देणारी ती पाचवी. दुसरी आणि तिसरी पायरी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्ही कुत्री तशीच शेपटी हलवितात, तशीच जेवतात. फरक फक्त मापात असतो. म्हणून मोजायचे.

हा रोग औषधाने बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. झडप पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. जपानच्या मासामी उएची यांनी तिच्यात मोठे कौशल्य मिळविले आहे. पण ती अत्यंत खर्चाची आणि फार थोड्या ठिकाणी होणारी गोष्ट आहे. आमच्या हाती उरते ते वेळेवर ओळखणे आणि सुखाने दिवस वाढविणे.

आणि या ओळखण्यातले सर्वांत उपयुक्त साधन आपल्या घरातच आहे. त्याला वीज लागत नाही, पैसा लागत नाही. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहा. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजा. निरोगी कुत्रा, किंवा हृदयरोग असूनही सावरलेला कुत्रा, झोपेत मिनिटाला तिसाहून कमी श्वास घेतो. बहुधा पंचविसाच्याही आत. रोजचा आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. तो तिसाच्या वर गेला, किंवा त्या कुत्र्याच्या नेहमीच्या आकड्याहून चढतच राहिला, तर फुप्फुसांत पाणी झिरपू लागल्याची ही पहिली खूण असू शकते. मग सकाळची वाट न पाहता वैद्याला कळवावे. धावून आल्यावर किंवा उन्हात धापा टाकताना मात्र मोजू नये. तो आकडा काहीच सांगत नाही. तसेच खोकला आला म्हणजे हृदयच बिघडले, असेही समजू नये. पॉमेरेनियनसारख्या कुत्र्यांची श्वासनलिका मुळात नाजूक असते, तिच्यामुळेही खोकला येतो. श्वास हा खोकल्यापेक्षा अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे.

बाईंच्या बाबतीत माझी चूक यंत्राची नव्हती. त्या काळी मी कर्णिका मोजली असती तरी रोग थांबविण्याचे औषध निश्चितपणे ठाऊक नव्हते, हे खरे. पण तेव्हा मला त्यांना श्वास मोजायला तरी सांगता आले असते. हे जनावर एक दिवस अडचणीत येईल, अशी कल्पना देता आली असती, आणि ती भयंकर पहाट बहुधा टळली असती. बाईंना दिलासा हवा होता, मलाही तो द्यायचा होता. आणि ज्या आकड्यात दिलासा दिसला तोच मी उचलला. पुढचे आठ महिने बाईंनी रोज रात्री श्वास मोजले. शाळेच्या हजेरीपटासारखी उभ्या-आडव्या रेघांची एक वही त्यांनी केली होती. दोनदा त्या वहीमुळेच आम्ही वेळेवर औषध वाढविले. कुत्रा गेल्यावर ती वही त्यांनी माझ्याकडे आणून दिली. “तुमच्या दुसऱ्या पेशंटांना दाखवा,” म्हणाल्या. ती अजून माझ्या मेजाच्या खणात आहे, आणि मी ती दाखवितो.

रक्ताभिसरणाचे आपले ज्ञान मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांच्या देहावरून आले आहे. १६२८ साली ग्रंथ लिहिणाऱ्या हार्वेने कुत्र्यांचीही हृदये पाहिली होती. हृदय ताणले की ते अधिक जोराने आकुंचन पावते हा नियम स्टार्लिंगने विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांच्या हृदयांवरच पारखला. आपल्या छातीतले यंत्र आपण त्यांच्या छातीत पाहून शिकलो. त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता म्हणून, आपल्या घरी एखादे म्हातारे कुत्रे असेल, तर आज रात्री ते झोपले की त्याच्याजवळ बसा आणि एक मिनिट त्याचे श्वास मोजा.